नोव्हात बसवलेलं ५.३ लिटरचं ट्रक इंजिन: सहा महिने, ४,२०० मैल

गाडी १९७२ ची शेव्हरोले नोव्हा. मूळची २५० क्यूबिक इंचांची, सहा सिलिंडर एका ओळीत, आणि मागे दोनच गिअरचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे मे ते ऑक्टोबर एवढंच हिचं वर्ष. यंदा मे महिन्यात ती नव्या इंजिनावर रस्त्यावर आली आणि रस्त्यांवर मीठ पडायच्या आत, गेल्या आठवड्यात, गॅरेजमध्ये गेली.

डोक्यात तीन इंजिनं होती. ३५० क्यूबिक इंचांचं जुनं व्ही-८, म्हणजे 'स्मॉल ब्लॉक', कॅमेरोतून निघणारं ॲल्युमिनियमचं एलएस १, आणि सिल्व्हराडो ट्रकमधलं ५.३ लिटरचं एलएम ७. एलएस १ ला नाव आहे, म्हणून भावही आहे. ५.३ त्याच घराण्यातलं. हेड ॲल्युमिनियमचीच, फक्त ब्लॉक बिडाचा, त्यामुळे वजन चाळीसेक किलो जास्त. माझे बाबा आयुष्यभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिनांचे ब्लॉक बोअर करत आले. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "बिडाचं हाय न्हवं? मग घे की. चाळीस किलोसाठी दुप्पट पैसं कशाला घालतोस?"

३५० ला मी मनापासून मानतो. तुमच्या गाडीत आधीच व्ही-८ असेल तर तेच ठेवा, स्वस्तात काम होईल. माझ्या गाडीत मात्र इंजिनाचे स्टँड, रेडिएटर आणि गिअरबॉक्स बदलावे लागणारच होते. मग कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर, का घेऊ नये?

२००२ च्या ट्रकचं इंजिन, ४एल६०ई गिअरबॉक्स, अख्खं वायरिंग आणि कॉम्प्युटर मिळून १,४०० डॉलर दिले. १,४०,००० मैल चाललेलं इंजिन, तरी प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे बनवताना घासल्याच्या, तिरप्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे झीज फारशी नव्हती. त्या क्षणी ते उघडायचा विचार सोडला. फक्त सील, पाण्याचा पंप आणि इनटेक मॅनिफोल्डखालचे (हवा आत नेणाऱ्या भागाखालचे) दोन नॉक सेन्सर, म्हणजे इंजिनातली ठोकठोक ओळखणारे सेन्सर, बदलले. मागच्या सेन्सरच्या खळग्यात पाणी साचून तो गंजला होता. या इंजिनांत हे नेहमीचं आहे, मॅनिफोल्ड काढलंच असेल तर दोन्ही बदलून टाका.

पैसा इंजिनाला लागत नाही, त्याच्या आजूबाजूला लागतो. ट्रकचं ऑइल पॅन खोल, ते नोव्हाच्या क्रॉसमेंबरखाली, म्हणजे चासीच्या आडव्या तुळईखाली, लोंबतं. वेगळं पॅन घेतलं, जवळजवळ ४०० डॉलर. कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी यंत्रणा बंद करून घ्यावी लागते, नाहीतर इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं. जुना केबलचा स्पीडोमीटर या गिअरबॉक्सला जोडता येत नाही. एकूण खर्च ६,१०० डॉलरवर गेला.

सगळ्यात महाग शिकवणी पेट्रोलच्या पंपाची. या इंजिनाला ५८ पीएसआय दाब सतत लागतो, जुन्या कार्ब्युरेटरला सहा-सात पुरतो. पैसे वाचवायला मी टाकीबाहेर, चासीवर पंप लावला. जूनपर्यंत ठीक चाललं. जुलैच्या उन्हात डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नलला गाडी बंद पडली, मागच्या सीटवर मुलगी. पंप तापून दाब पडला होता. पंप टाकीच्या तळाशी असला तर त्याला पेट्रोल ओढून घ्यावं लागत नाही, आणि भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी उतरवून पंप आत बसवला. त्यानंतर एकदाही दाब हलला नाही, ऑगस्टमधल्या ड्रीम क्रूझच्या, म्हणजे वुडवर्डवरच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीच्या, रांगेत तासन्‌तास उभं राहूनसुद्धा. पहिल्याच वेळी हे केलं असतं तर ३०० डॉलर आणि तो सिग्नल, दोन्ही वाचले असते.

चालवायला कशी आहे? थंड सकाळी चावी फिरवली की लगेच सुरू. पहिला गिअर ३.०६ चा, त्यामुळे जागेवरून उठतानाच पॉवरग्लाइडचे दिवस विसरायला होतं. हायवेला ओव्हरड्राइव्हमध्ये गॅलनला १८ ते १९ मैल मिळाले, तेही साध्या ८७ ऑक्टेनवर. तेल ५डब्ल्यू-३०, कोणत्याही दुकानात मिळणारं. टॅपेट रोलरचे असल्यामुळे जुन्या कॅमसारखं जस्तवालं तेल शोधत फिरावं लागत नाही.

एक तक्रार उरली आहे. थंड असताना ड्रायव्हरच्या बाजूनं टिक-टिक येते आणि तापल्यावर जाते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या भागाचा, सगळ्यात मागचा बोल्ट तुटलाय, तिथल्या फटीतून तो आवाज येतो. उष्णतेनं तो तिथेच तुटतो. तुकड्यावर नट वेल्ड करून बाहेर काढायचा, हे या थंडीतलं काम.

विकत घेणार असाल तर वर्ष बघून घ्या. १९९९ ते २००२ च्या बहुतेक ट्रकना थ्रॉटलची केबल आहे, वायरिंग सोपं पडतं. २००३ पासून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे पेडल आणि त्याचा मॉड्यूलही त्याच ट्रकचा उचला. २००७ नंतरच्या ज्या इंजिनांत चार सिलिंडर बंद होण्याची सोय आहे, त्यांचे लिफ्टर, म्हणजे टॅपेट, खराब होतात. स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही. आणि सुटं इंजिन घेऊ नका. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटपासून कॉम्प्युटरच्या कनेक्टरपर्यंत सगळं एकाच ट्रकमधून, वायर न कापता काढलेलं घ्या.