गॅली घ्यावी की शिडाचं जहाज? मध्ययुगीन भूमध्य समुद्रापुरती तुलना

मध्ययुगातल्या भूमध्य समुद्रावर कथा लिहायला घेतलेले किंवा स्ट्रॅटेजी गेममध्ये व्हेनिस नाहीतर जेनोव्हा घेऊन बसलेले लोक, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, पैसे कशात घालू, वल्ह्यांच्या गॅलीत की शिडाच्या मोठ्या जहाजात? आणि उत्तर देणारे बहुतेक जण वेग आणि मारा एवढंच बघून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की आधी पाण्याची पिंपं मोजा, म्हणजे प्यायच्या पाण्याची. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप ठरतं.

म्हणजे बघा, १२७५ च्या आसपास सिसिलीचा राजा असलेल्या आंजूच्या चार्ल्सने बांधून घेतलेल्या गॅलींची मापं कागदोपत्री टिकून आहेत. लांबी साधारण साडेएकोणचाळीस मीटर आणि डेकवरची रुंदी जेमतेम साडेचार मीटर, म्हणजे नुसती लांबलचक पट्टी. त्यात १०८ वल्हेकरी, एका बाकावर दोघं, प्रत्येकाचं वल्हं वेगळं, वर लढणारे आणि अधिकारी धरून दीडशेच्या आसपास माणूस. आता माणशी दिवसाला दोन लिटर पाणी धरलं तरी तीनशे लिटर झालं, पण जुलैच्या उन्हात वल्हं मारणाऱ्याला दोन लिटर काय पुरतंय, चार धरा, म्हणजे दहा दिवसांना सहा टन नुसतं पाणी, आणि ते ठेवायचं कुठे तर त्याच अरुंद पोटात जिथे बिस्किटं, दोरखंड, जादा शिडं, बाणांच्या पेट्या सगळं कोंबलेलं असतं. थोडक्यात पळायला भन्नाट पण टाकी पाच लिटरची अशी बाईक आहे ही. दर थोड्या दिवसांनी किनारा गाठायलाच लागतो, आणि तो किनारा आपल्या माणसांचा नसेल तर संपलं.

व्हेनिसने दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीसच्या टोकाशी मोदोन आणि कोरोन ही दोन बंदरं जिवापाड सांभाळली ती म्हणूनच, त्यांना व्हेनिस प्रजासत्ताकाचे डोळे म्हणायचे. पुढे क्रीट हातात होतंच. म्हणजे गॅली घेणार असाल तर नुसती गॅली घेऊन भागत नाही, बंदरांची अख्खी माळ घ्यावी लागते, आणि हा खर्च कुठल्याच गेममध्ये नीट दाखवत नाहीत (निदान मी खेळलेल्या तरी).

वेगाबद्दलही बराच गैरसमज आहे. गॅली कायम वल्ह्यांवर चालायची असं लोकांना वाटतं, पण तिलाही तिरकं त्रिकोणी शीड असायचंच आणि लांबच्या प्रवासात काम तेच करायचं. वल्ही लागायची बंदरात शिरताना-निघताना, वारा पडल्यावर आणि लढाईत. वल्ह्यांवर दमाने गेलं तर तासाला तीन-चार सागरी मैल, जीव तोडून मारलं तर सातच्या आसपास, पण तेही वीसेक मिनिटं फार तर, नंतर माणसं ढेपाळतात. तेव्हा तुमच्या नायकाने वल्ह्यांवर रात्रभर सुसाट पाठलाग केला असं लिहिलं असेल तर खोडा.

शिडाच्या जहाजाचा मोठा फायदा म्हणजे उंची. लांबीला ते गॅलीएवढंच असलं तरी पोट मोठं आणि काठ भिंतीसारखे उंच. १२६४ मध्ये जेनोव्हाच्या सिमोने ग्रिल्लोने आल्बेनियाजवळ सासेनो बेटापाशी व्हेनिसचा व्यापारी ताफा गाठला, गॅली त्याच्याकडे, आणि व्हेनिसवाल्यांकडे लहान जहाजं नि रोक्काफोर्ते नावाचं एक थोराड जहाज. ताफा गेला, पण माणसं त्या रोक्काफोर्तेवर चढून बसली आणि तिथे मात्र ग्रिल्लोला काही करता आलं नाही. खालून वर चढायचं आणि वरून दगड-बाण यायचे, कोण चढणार?

याहून भारी उदाहरण म्हणजे २० एप्रिल १४५३, कॉन्स्टँटिनोपलचा वेढा. जेनोव्हाची तीन जहाजं आणि शहराच्या बायझंटाईन बादशहाचं धान्य घेऊन येणारं एक, अशी चार शिडाची जहाजं दक्षिणेच्या वाऱ्यावर शहराकडे आली आणि बाल्तोग्लू सुलेमान आपलं मोठं ऑटोमन आरमार घेऊन त्यांना अडवायला निघाला. वारा होता तोवर ती चौघं त्यांच्यातून सरळ कापत आली, आणि शहराच्या तटाखाली येतात तोच वारा पडला! शिडं लोंबकळली, प्रवाह जहाजांना हळूहळू सुलतान मेहमेद उभा होता त्या किनाऱ्याकडे ओढायला लागला. गॅलीसाठी याहून चांगली संधी कुठली? चोहोबाजूंनी वेढून तासन्तास हल्ले चालले, पण प्रत्येक वेळी वरून दगड, भाले, पाण्याची पिंपं कोसळत होती आणि चढू बघणाऱ्यांवर कुऱ्हाडी चालत होत्या, आणि एवढ्या गर्दीत गॅलींची वल्ही एकमेकांतच अडकायला लागली. शेवटी चारही जहाजं एकमेकांना बांधून त्यांनी पाण्यावर किल्लाच केला. सुलतान चिडून घोड्यासकट पाण्यात शिरला होता म्हणतात. संध्याकाळी वारा परत उठला, चौघं तशीच निघाली आणि रात्री बंदराच्या तोंडावरची साखळी खाली करून त्यांना शहराच्या गोल्डन हॉर्न खाडीत आत घेतलं. बाल्तोग्लूचं पद गेलं.

या एकाच दिवसात दोन्ही बाजू दिसतात. वारा पडला की शिडाचं जहाज जागचं हलत नाही, काय करायचं ते समोरचा ठरवतो, पण हलत नाही म्हणून ते हाती लागतंच असं नाही. (आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमारात वारा नसला की वल्ह्यांची गलबतं शिडाच्या मोठ्या गुराबांना ओढून जागेवर न्यायची, ही जोडी मला तरी सगळ्यात शहाणी वाटते.)

मग गॅली घ्यायचीच कशाला? कारण समोर पण गॅलीच असतील तर वाऱ्यावर अवलंबून राहणारा ॲडमिरल नुसता बघत बसतो. १२८४ मध्ये नेपल्ससमोर अरागॉनचा ॲडमिरल लाउरियाच्या रॉजरने पळायचं सोंग केलं, आंजूच्या चार्ल्सचा मुलगा राजपुत्र चार्ल्स उत्साहात पाठीमागे आला आणि मग रॉजरने गॅली फिरवून त्याला चक्क कैद केला. ठरवून मागे सरकायचं, ठरवून वळायचं, हे शिडांवर जमायचं नाही. किनाऱ्यावर छापा, शांत हवेत व्यापारी जहाज पकडणं, बंदराची नाकेबंदी, यातलं काहीही करायचं असेल तर गॅलीच घ्या, आणि तेही एप्रिल ते ऑक्टोबर धरूनच प्लॅन करा, हिवाळ्यात त्या बुटक्या काठांवरून लाटा थेट आत येतात.

तटबंदीवर हल्ला असेल तर मात्र परत उंची. १२ एप्रिल १२०४ ला कॉन्स्टँटिनोपलच्या समुद्राकडच्या बुरुजाला आधी भिडली ती चौथ्या क्रूसेडवाल्यांची ‘पिलग्रिम’ आणि ‘पॅरेडाइस’ ही एकत्र बांधलेली दोन शिडाची जहाजं, डोलकाठ्यांवरून पूल सोडलेले होते त्यांना.

माल वाहायचा असेल तर हिशोब एकदम बदलतो. फ्लॉरेन्सचा बखरकार व्हिल्लानी लिहून गेलाय की १३०४ च्या सुमारास फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या बायोनचे चाचे कॉग नावाची चौकोनी शिडाची जहाजं घेऊन या समुद्रात आले आणि जेनोव्हा, व्हेनिस, कातालानवाल्यांनी ती उचलली, कारण साधं, खलाशी कमी लागतात. इथल्या आधीच्या जहाजांचं मोठं तिरकं शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं म्हणजे लांबलचक काठीसकट डोलकाठीभोवती फिरवायचं, त्याला माणसं लागतात आणि पगार लागतो. धान्य, मीठ, तुरटी, कापूस असला भारी आणि स्वस्त माल गॅलीत घालणं म्हणजे दिवाळखोरी. जेनोव्हाने आजच्या तुर्कस्तानातल्या फोकेयाची तुरटी फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमकडे) न्यायला पुढे शिडाची प्रचंड जहाजंच वापरली.

मिरी असेल तर गोष्ट वेगळी. मलबारची मिरी अलेक्झांड्रियाला पोचेपर्यंत इतकी महाग झालेली असायची की दीडशे-दोनशे माणसांचा पगार तिला परवडायचा, म्हणून व्हेनिसने मालवाहू मोठी गॅली काढली, शिडांवर चालणारी पण वल्ही नि लढणारी माणसं बाळगणारी. ती सरकारच्या मालकीची असायची आणि १३२९ पासून ती फेरीपुरती भाड्याने द्यायचा लिलाव व्हायचा. पंधराव्या शतकात जेरुसलेमसाठी याफा बंदराला जाणारे यात्रेकरूही गॅलीच पसंत करायचे, वाटेत बंदरं लागतात म्हणून, जरी झोपायला खाली कोंदट जागा असायची तरी.

तेव्हा कमी पैशात सुरुवात करणाऱ्याने दोन-तीन कॉग घ्याव्यात, आणि गॅली लागेल तेव्हा भाड्याने घ्यावी, जेनोव्हावाले ठेक्यावर आख्खा ताफा द्यायचेच की. बंदरं हातात आली की मग स्वतःच्या गॅली.

आणि कथेवाल्यांनो, वल्ह्यांना साखळदंडाने बांधलेले गुलाम तेवढे काढून टाका. व्हेनिसच्या गॅलीवर या काळात पगारी, मोकळी माणसं वल्ही मारायची, लढाईत तीच हत्यार उचलायची आणि स्वतःचा थोडाफार माल बाकाखाली टाकून विकायलाही न्यायची. कैद्यांच्या गॅली व्हेनिसने १५४५ च्या सुमारास काढल्या, म्हणजे तुमच्या नायकानंतर बऱ्याच उशिरा.