विकी की रिपॉझिटरी? समूहाने लिहिलेले धडे कुठे ठेवावेत

प्रोग्रॅमिंगचं एखादं साधन लोकांच्या हाती रुळलं की त्याच्याभोवती धडे जमायला लागतात. कुणी इन्स्टॉलेशनची टिपणं लिहितं, कुणी व्हिडिओ करतं, कुणी आपल्या प्रोजेक्टमधला तुकडा ‘हे असं करा’ म्हणून देतं. मग एक दिवस मेंटेनर मंडळींना, म्हणजे ते साधन सांभाळणाऱ्यांना, ठरवावंच लागतं, की हे सगळं ठेवायचं कुठे. तुम्ही त्या टप्प्यावर असाल तर खरी निवड दोन जागांमध्ये आहे: विकी, म्हणजे वाचकालाही थेट बदलता येतील अशी पानं, किंवा रिपॉझिटरी, म्हणजे कोड जिथे ठेवलेलं असतं तिथलाच डॉक्सचा (माहितीच्या पानांचा) फोल्डर. बहुतेक गट पाहतात की लिहायला सोपं कुठे पडेल. माझ्या मते आधी पाहायला हवं, की जुनं झालेलं पान कोण काढणार.

असं का म्हणतो ते सांगतो. एका कार्यशाळेत माझ्या शेजारच्या मुलीने पायथनचा पहिला धडा उघडला. त्यात ‘प्रिंट’ या शब्दानंतर कंस नव्हते, थेट अवतरणचिन्हं होती. तिने ओळ जशीच्या तशी टाइप केली. एरर आली. एररमध्ये कंस राहिल्याचं स्पष्ट लिहिलं होतं, पण समोरच्या धड्यात कंस नव्हतेच, आणि तिने विश्वास ठेवला तो धड्यावर. अक्षरन्‌अक्षर ताडून तिने तीच ओळ आणखी दोनदा टाइप केली आणि हळूच म्हणाली, “माझंच काहीतरी चुकतंय.” तिचं काहीच चुकलं नव्हतं. धडा पायथन 2 चा होता, ज्यात ते कंस लागत नसत आणि ज्याची देखभाल 1 जानेवारी 2020 रोजी थांबली. पान मात्र तसंच उभं होतं, कारण ते काढणं कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

विकीच्या बाजूने बोलायचं तर आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा विकी पाहा. दुसरी लिनक्स वापरणारेही अडलं की तिथे जातात, इतका त्याचा दर्जा. चूक दिसली की वाचकच ‘एडिट’ दाबून ती दुरुस्त करतो. गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायची गरज नाही, कुणाच्या होकाराची वाट पाहायची नाही. पण हा विकी टिकला तो या मोकळेपणामुळेच, असं समजू नका. तिथे पानावर ‘हे कालबाह्य आहे’, ‘याच्या अचूकतेबद्दल शंका आहे’ अशा पाट्या लावायची शिस्त आहे, लेखनाची ठरलेली शैली आहे आणि बदलांवर नजर ठेवणारी माणसं आहेत. तुमच्याकडे नेमाने बदल पाहणारी चार-पाच माणसं असतील तरच विकी घ्या. नसतील तर पहिल्या वर्षी तो फुलतो आणि तिसऱ्या वर्षी त्याची अडगळीची खोली होते.

वेब शिकणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं एमडीएन हे माहितीचं संकेतस्थळ अनेक वर्षं विकीच होतं. डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी सगळा मजकूर गिटहब या रिपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळावर हलवला. विकीवर बदल लगेच प्रसिद्ध व्हायचा आणि तपासणी झालीच तर नंतर व्हायची; आता बदल पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशा विनंतीतून येतो, कुणीतरी तो वाचतं आणि मगच तो पानावर चढतो. एवढ्या मोठ्या, जुन्या समूहाने ही दिशा धरली, याला मी वजन देतो.

रिपॉझिटरीचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा तपासणीच्याही पुढचा आहे: धड्यातलं कोड यंत्राकडून चालवून घेता येतं. पायथनमध्ये डॉकटेस्ट त्यासाठीच आहे. रस्ट या भाषेत डॉक्युमेंटेशनच्या टिप्पण्यांमधली उदाहरणं ‘कार्गो टेस्ट’ ही आज्ञा दिली की इतर चाचण्यांबरोबरच कंपाइल होऊन चालतात. फंक्शनचं नाव बदललं आणि उदाहरण तसंच राहिलं, तर चाचणी लाल होते आणि ज्याने बदल केला त्यालाच ते कळतं. डॉक्सची पानं तयार करणारं स्फिंक्स वापरलात तर तुटलेले दुवेही एका आज्ञेने शोधता येतात. शिवाय साधनाची आवृत्ती बदलली की डॉक्सही त्या आवृत्तीबरोबर राहतात. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला जुनी पानं आणि नव्याला नवी. त्या मुलीचा धडा असा बांधलेला असता, तर पायथन 3 वर चाचणी चालवली त्या दिवशीच तो पकडला गेला असता.

याची किंमत आहे, आणि ती नवख्या माणसाला मोजावी लागते. एका शब्दाची चूक दुरुस्त करायला फोर्क (रिपॉझिटरीची स्वतःची प्रत), ब्रांच (बदलाची वेगळी शाखा), पुल रिक्वेस्ट हे सगळं आलं की चांगला शिक्षक माघारी फिरतो. गिटहबवर ब्राउझरमधूनच पेन्सिलचं चिन्ह दाबून बदल सुचवता येतो. प्रत्येक पानावर तिथे नेणारा दुवा ठेवलात तर बरीच धास्ती कमी होते. आणि पुल रिक्वेस्टला आठवड्याभरात उत्तर द्या. दोन महिने पडून राहिलेली दुरुस्ती म्हणजे एक गमावलेला लेखक.

पानांखाली वाचकांच्या टिपा, हा पीएचपी या भाषेच्या मॅन्युअलचा मार्ग. काही टिपा अप्रतिम आहेत, पण टीप कितीही चांगली असली तरी मूळ मजकुरात आपोआप मिसळत नाही. मुख्य मार्ग म्हणून मी तो निवडणार नाही. सुट्या उदाहरणांचा ढीग तर नकोच: स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने 2016 मध्ये डॉक्युमेंटेशन याच नावाने तो प्रयोग सुरू केला आणि पुढच्याच वर्षी बंद केला.

मराठीत धडे आणायचे असतील तर तुलना आणखी एका बाजूला झुकते. विकीवर भाषांतर हे वेगळं पान असतं. मूळ पान पुढे गेलं तरी भाषांतर मागेच राहतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. स्फिंक्समध्ये गेटटेक्स्टच्या (मूळ वाक्य आणि भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या) फाइली वापरल्या तर मूळ वाक्य बदलल्यावर त्याचं भाषांतर ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचं, म्हणून वेगळं काढलं जातं आणि नेमकं कुठे हात घालायचा ते दिसतं. व्हिडिओसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प जवळून पाहण्यासारखा आहे. साधारण दहा मिनिटांचा धडा, त्याची आधी दोन रकान्यांत लिहिलेली संहिता: एकीकडे पडद्यावर काय दिसेल, दुसरीकडे काय बोललं जाईल. रेकॉर्डिंगआधी ती नवशिक्याकडून तपासून घेतात. भाषांतरात पडदा तोच राहतो, आवाज मराठी होतो. तुमचे व्हिडिओ दुसऱ्या कुणी केलेले असले तरी निदान त्यांची संहिता मागून घ्या आणि रिपॉझिटरीत ठेवा. व्हिडिओ जुना झाला तरी संहिता दुरुस्त करता येते.

तेव्हा तुमच्या साधनाचं कोड दर काही महिन्यांनी बदलत असेल आणि मेंटेनर दोघं-तिघंच असतील, तर रिपॉझिटरी घ्या. साधन स्थिरावलेलं असेल आणि प्रश्न कोडपेक्षा वेगवेगळ्या यंत्रांवरच्या जुळवाजुळवीचे असतील, कुठला प्रिंटर, कुठलं ग्राफिक्स कार्ड, तर विकी जास्त कामाचा, कारण ते अनुभव मेंटेनरकडे नसतातच, वापरणाऱ्यांकडे असतात. दोन्ही ठेवणार असाल तर पहिला धडा आणि इन्स्टॉलेशन हे फक्त रिपॉझिटरीत ठेवा, विकीवर त्यांची नक्कल करू नका. आणि बाहेरच्या धड्यांच्या दुव्यांची यादी करायचीच असेल, तर प्रत्येक दुव्यापुढे कुठल्या आवृत्तीवर आणि कोणत्या महिन्यात तो चालवून पाहिला हे लिहा. ज्याच्यापुढे तारीख नाही तो दुवा यादीत घेऊ नका.