डॉक्टर चुकला तर आणि वकील चुकला तर

डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं, तर पैसे मोजून उपचार घेतलेल्या रुग्णाला ग्राहक आयोगात दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात हा मार्ग मोकळा केला. मुदत दोन वर्षांची. उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही. अवघड असतं ते सिद्ध करणं: केसपेपर मिळवा, दुसऱ्या डॉक्टरचं मत आणा. उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं न्यायालय मानत नाही, आणि ते रास्तच आहे.

जमिनीच्या खटल्यात वकिलाने अपिलाची मुदत चुकवली तर? तिथे हे दार बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालानुसार वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. वकील अशिलाच्या सूचनेनुसार चालतो, हे त्यामागचं एक कारण. उरतो तो दिवाणी दावा, नाहीतर बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे तक्रार. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते. कौन्सिल सनद (वकिलीचा परवाना) निलंबित किंवा रद्द करू शकते, पण गेलेली जमीन परत देत नाही.

मला हा फरक पटत नाही. मुदत चुकली की नाही, हे तर तारखा बघूनच कळतं.