आठ तारांची गिटार की बास? मेटलसाठी नक्की काय घ्यायचं

सहा तारांवर ड्रॉप डी (सगळ्यात जाड तार ढिली करून डी सुरावर आणणं) करून झालं, अजून खाली ड्रॉप सी पण झालं, तार लोंबायला लागली, आता अजून खाली जायचंय तर सात-आठ तारांची गिटार घेऊ का सरळ बासच घेऊ, हा प्रश्न मेटलवाल्यांच्यात कायम येतो. आणि बहुतेक जण उत्तर सुराच्या आकड्यांत शोधतात, तिथंच सगळा घोळ होतो.

आकडे बघूनच घ्या. गिटारची नेहमीची खालची ई म्हणजे साधारण ८२ हर्ट्झ. सात तारांवरची बी ६२, आठ तारांवरची एफ शार्प ४६. बासची मोकळी ई ४१ आणि पाच तारांच्या बासची बी ३१ च्या आसपास. म्हणजे आठ तारांची गिटार ड्रॉप ई मध्ये (एफ शार्पची तार ढिली करून ई वर) लावली की तिची खालची तार आणि बासची ई, दोन्ही एकच सूर! मग बास हवाच कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

पण सूर एक असला म्हणून आवाज एक होत नाही ना राव. गिटारच्या कॅबमधला (स्पीकरच्या पेटीतला) १२ इंची स्पीकर ७०-८० हर्ट्झच्या खाली फारसं काही देतच नाही, त्यात मिक्स करताना गिटारचा खालचा भाग बहुतेक वेळा ८०-१०० च्या आसपास कापूनच टाकतात कारण तिथं किक ड्रम आणि बासला जागा लागते. म्हणजे ती ४६ ची एफ शार्प वाजते तेव्हा आपल्याला मुख्यतः तिचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच तारेतून निघणारे वरचे सूर, ऐकू येतात, खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. छातीत धडकणारं जे असतं ते बासकडूनच येतं, गिटारकडून येतो तो करकरीत दात असलेला अटॅक. मेशुगा या आठ-तारी गिटारवाल्या मेटल बँडचं ऐका, रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) गिटारचा वाटतो, पण त्याचं वजन खाली चिकटून वाजणाऱ्या बासमुळे आहे. बासिस्टला तिथं अजून एक ऑक्टेव्ह खाली जायलाही जागा नाही, तो सूर २० हर्ट्झच्या आसपास पडेल, म्हणजे कानाची हद्दच संपली, म्हणून बऱ्याचदा दोघं एकाच सुरात वाजवतात. उलटं उदाहरण अॅनिमल्स अॅज लीडर्स या बँडचं, स्टेजवर दोन आठ-तारी गिटार आणि ड्रम्स, बासिस्ट नाहीच. पण ते संगीतच त्या हिशोबाने लिहिलेलं असतं, आणि तसा हात बसवायला बरीच वर्षं जातात.

हाताला काय जड जातं ते पण बघा. आठ तारांचा नेक रुंद असतो आणि खरी डोकेदुखी वाजवण्यात नाही, न वाजवायच्या तारा गप्प ठेवण्यात आहे. हाय गेनवर (डिस्टॉर्शन खूप चढवलेलं असताना) एक तार वाजवली की बाकीच्या गुणगुणायला लागतात, नॉइज गेट (बारीक आवाज बंद करणारं पेडल) लावला तरी तो आपण वाजवायचं थांबल्यावरचा आवाज कापतो, वाजत असतानाचा नाही. आणि एफ शार्पवर पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र) दाबली तर बऱ्याचदा नुसता चिखल होतो, म्हणून तिथं एकेक सूरच जास्त वाजवतात. तार ढिली असेल तर जोरात पिक मारल्यावर सूर आधी वर चढतो मग जागेवर येतो, ते एकदा कानात भरलं की चैन पडत नाही. म्हणून स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ पेक्षा २७ इंच किंवा मल्टिस्केल (जाड तारा लांब, बारीक तारा आखूड) असलेली बघा.

बासला स्केल ३४ इंच, तारा जाड, सुरुवातीला बोटं सोलतात. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) सोळाव्या नोट्स, एका ठोक्यात चार, म्हणजे सेकंदाला तेरा फटके, आणि ते किकच्या बरोबर पडायला हवेत, गिटारच्या भिंतीमागे लपायची सोय नाही. कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडचा बासिस्ट अॅलेक्स वेबस्टर तीन बोटांनी वाजवतो ते उगाच नाही. पिकने वाजवलं तरी बिनधास्त चालतं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त गिटारचं डिस्टॉर्शन पेडल तसंच बासला लावू नका, खालचा भाग गायब होतो, ब्लेंड (मूळ आवाज त्यात मिसळायची सोय) असलेलं घ्या म्हणजे क्लीन लो तसाच राहतो. (मेटालिकाच्या १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' मध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही, तो अल्बम किती कोरडा वाटतो बघा.)

माझं मत विचाराल तर, घरी एकटे बसून रिफ लिहिणार असाल, सोलो पण हवे असतील, तर सात तारी घ्या, आठ नाही. सातमध्ये सहा तारांवरचं सगळं जसंच्या तसं चालतं. आठ तेव्हाच, जेव्हा डोक्यात जेंटचे (मेशुगाच्या वळणाच्या मेटलचे) तुटक रिफ आधीच वाजत असतात. सोलोत रस नसेल आणि ड्रमरशी जमत असेल, किंवा बँडमध्ये लवकर शिरायचं असेल, तर बास. गिटारवाले पायलीचे पन्नास मिळतात, बासिस्ट शोधावा लागतो. आणि बँड बी किंवा खालच्या ट्यूनिंगला असेल तर बास पाच तारांचाच बघा, घ्यायच्या आधी त्याची बी तार मोकळी वाजवून, मग बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनर लावून बघा, दोन्हीकडे बी च बरोबर लागायला हवा, स्वस्त बास तिथंच उघडा पडतो.