टॅरेंटुला स्टार्टर किट: घ्यायचा तर खोकं आडवं करून वापरा

पुण्यातल्या एका पेट शॉपमध्ये नवशिक्यांसाठी टॅरेंटुलाचा, म्हणजे पाळायच्या मोठ्या केसाळ कोळ्याचा, तयार किट मिळतो. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास, प्राणी वेगळा. आत असतं ते असं: ३ मिमी ॲक्रिलिकचं २० × २० × ३० सेमीचं उभं खोकं, वर खाचेतून सरकणारं तारेच्या जाळीचं झाकण, ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट (नारळाच्या काथ्याचा चुरा, माती म्हणून वापरायचा), स्पंज घातलेली पाण्याची वाटी, काट्याचा आर्द्रतामापक, ७ वॉटचा हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), प्लॅस्टिकची कवटी आणि १५ सेमीचा टोकदार स्टीलचा चिमटा. खोक्यावर ‘सर्व जातींसाठी’ असं छापलेलं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. खोकं चांगलं आहे, जोड स्वच्छ आहेत, पण ते उभं वापरू नये. कोकोपीट उपयोगी आहे. बाकीचं बहुतेक सामान लागत नाही, आणि जाळी व हीट मॅट हे दोन्ही प्राण्याच्या जिवावर उठू शकतात.

सगळ्यात मोठा घोटाळा उंचीचा आहे. नवशिक्याला ज्या जाती सुचवल्या जातात, म्हणजे कर्ली हेअर (ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस), मेक्सिकन रेड नी (ब्रॅकिपेल्मा हॅमोरी), चाको गोल्डन नी (ग्रॅमोस्टोला पल्क्रिपेस), त्या जमिनीवर राहणाऱ्या. अंगाने जड, पोट मऊ आणि पातळ कातडीचं. २५ सेमीवरून पडला तरी पोट फुटू शकतं, आणि एकदा फुटलं की बहुतेक वेळा प्राणी हातचा जातो. म्हणून माती आणि झाकण यांच्यातलं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याएवढं, फार तर दीडपट असावं. उभ्या खोक्यात हे जमवायचं तर २० सेमी माती भरावी लागते. ती झाली ८ लिटर. विटेतून सैल ८-९ लिटर निघते खरी, पण दाबल्यावर सहाच्या आसपास उरते, म्हणजे एक वीट पुरत नाही. शिवाय जमीन २० × २० सेमीच राहते, जी मोठ्या कोळ्याला अपुरी.

मग झाडावर राहणाऱ्या जातींना हे खोकं चालेल का? उंची चालेल, पण झाकण वर आहे. या जाती जाळं वरच्या कोपऱ्यात विणतात. दर वेळी झाकण सरकवलं की जाळं फाटतं आणि कोळी थेट हाताकडे येतो. त्यांना समोरून उघडणारं दार लागतं. थोडक्यात, आहे तसं हे खोकं दोघांनाही नीट बसत नाही.

उपाय सोपा आहे: खोकं आडवं करा. जमीन ३० × २० सेमी होते, उंची २० सेमी, आणि झाकणाची बाजू समोर येते. झाकण जिथून आत सरकतं ती कड वर ठेवा. आता जाळीचं झाकण काढून टाका आणि खाचेच्या मापाची दोन ॲक्रिलिकची पानं कापून घ्या, दोन्ही १० सेमी उंचीची. खालचं पान खाचेत सोडून ॲक्रिलिकच्या गोंदाने पक्कं करा, ते माती अडवतं. वरचं पान वर खेचून उघडायचं दार. त्याला एक छोटी मूठ आणि वर एक खिळ बसवा, कारण मोठा टॅरेंटुला हलकं दार सहज उचलतो. गोंदाचा वास पूर्ण जाईपर्यंत, चार-पाच दिवस तरी, खोकं उघडं राहू द्या. आता १० सेमी माती आणि वर १० सेमी मोकळी जागा उरते. पायांचा पसारा १०-११ सेमी होईपर्यंत एवढं घर पुरतं. पुढे पसाऱ्याच्या तिप्पट लांब आणि दुप्पट रुंद असं मोठं खोकं लागेल.

जाळी का काढायची? टॅरेंटुलाच्या पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात. जाळीला उलटा लटकला की नखी तारेत अडकते, तो ओढतो, आणि पाय तुटतो किंवा तिथेच लोंबकळून दमून पडतो. पाय पुढच्या कातीत परत येतो, पण हा त्रास टाळता येण्यासारखा आहे. हवेसाठी भोकं पाडा. समोरच्या दारात आणि मागच्या भिंतीत, मातीच्या वर २ सेमीवर एक ओळ आणि वरच्या कडेजवळ दुसरी. ड्रिलचं ३ मिमीचं पातं, वेग कमी, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मागे लाकडाचा तुकडा. कडेपासून १ सेमीच्या आत भोक घेतलं की तडा जातो. आतली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. लहान पिल्लू असेल तर १ मिमीची भोकं. भोक कोळ्याच्या पाठीच्या कवचापेक्षा लहानच हवं, कारण कवच जिथून जातं तिथून पोटही दबून निघतं.

ही आरपार हवा पुण्यात फार महत्त्वाची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोक्यातली माती महिनाभर वाळत नाही. आधी पांढरी बुरशी दिसते, मग पिठासारखे बारीक किडे, आणि कोंदट हवेत प्राणी मलूल होतो. एप्रिलमध्ये उलट: दुपारी हवा कोरडी ठक्क, तेव्हा वाटी भरलेली ठेवणं आणि मातीचा एक कोपरा ओला करणं पुरतं. काट्याचा आर्द्रतामापक यात काहीच मदत करत नाही, आकडा भलताच दाखवतो. बोट खुपसून पाहा: वरचा थर कोरडा, खालचा किंचित दमट, एवढंच हवं.

कोकोपीटची वीट कोमट पाण्यात भिजवा आणि पाणी ओतून दोन-तीनदा धुवा, कारण किनारपट्टीच्या कोकोपीटमध्ये मीठ राहिलेलं असतं. मग मुठीत दाबा. पाण्याचा थेंब गळला तर अजून ओली आहे, गोळा होऊन हळूच सुटला तर बरोबर. कमी पडलं म्हणून हडपसर-मुंढव्याच्या नर्सरीतून कुंडीची तयार माती आणू नका. तिच्यात बहुधा निंबोळी पेंड असते, आणि निंबोळीतलं ॲझाडिरेक्टिन किड्यांच्या कात टाकण्याच्याच आड येतं. शेणखत, कीटकनाशकाचे दाणे, हेही त्यात मिसळलेले असू शकतात. साधं कोकोपीट मागा, पाकिटावर खत मिसळल्याचा उल्लेख नसलेलं.

हीट मॅट परत करा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात बाहेर पारा १० अंशांखाली गेला तरी बंद खोलीत साधारण १८-२० अंश राहतं, आणि वर सांगितलेल्या जातींना ते चालतं. फक्त खाणं मंदावतं. मॅट खोक्याखाली ठेवला की खरा धोका सुरू होतो. रानात ऊन वरून येतं, म्हणून गरम झालं की टॅरेंटुला खाली उकरतो. इथे खाली मॅट. तो उष्णतेपासून पळायला उष्णतेकडेच जातो आणि मातीत सुकून मरू शकतो.

वाटीतला स्पंज फेकून द्या, त्यात फक्त जंतू वाढतात. उथळ वाटी, स्वच्छ पाणी, नळाचं चालतं. कवटीऐवजी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून छोटी कुंडी घेऊन अर्धी कापा, किंवा नारळाची करवंटी घासून पालथी घाला. चिमटा २५ सेमीचा आणि रबरी टोकाचा हवा. कोळी चिमट्याला चावला की स्टीलवर दात मोडू शकतात, आणि दात मोडलेला टॅरेंटुला पुढची कात येईपर्यंत नीट खाऊ शकत नाही. एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा आणि जाड पुठ्ठा जवळ ठेवा, कोळी हलवायचा तो यानेच. हातावर घेऊ नये. तो माणसाळत नाही आणि हातावरून पडण्याची भीती तेवढीच. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जाती पोटावरचे केस पायांनी झाडतात, त्वचेवर पडले तर खाजकुयली लागल्यासारखं होतं आणि डोळ्यात गेले तर डॉक्टरकडे जावंच लागतं. खोकं साफ करताना हातमोजे आणि चष्मा, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत.

खाण्याबद्दल किटच्या कागदावर ‘रोज एक किडा’ असं आहे. ते चूक. मोठ्याला ७ ते १४ दिवसांनी एक, पिल्लाला आठवड्यातून दोनदा, आणि किडा कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. पक्षी आणि माशांच्या दुकानांत मीलवर्म व सुपरवर्म (भुंग्यांच्या अळ्या) मिळतात. टाकण्याआधी डोकं चेपा, नाहीतर ते मातीत घुसतात. न खाल्लेलं २४ तासांत बाहेर काढा. घरातलं झुरळ पकडून देऊ नका, त्याने झुरळं मारायच्या कुठल्या जेलची चव घेतली आहे ते कळत नाही.

आणि इथेच किटमध्ये एका ओळीची सूचना हवी होती, ती नाही. घरातलं डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइडं माणसाला फारसं काही करत नाहीत, पण कोळ्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. पाय झटकणं, तोल जाणं, वेडावाकडा नाच केल्यासारखं चालणं ही विषबाधेची लक्षणं. कोळ्याच्या खोलीत यातलं काहीही लावू नये. सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलची तारीख आधी विचारा आणि त्या दिवशी खोकं दुसऱ्या घरी हलवा. फवारलेल्या खोलीत नीट हवा खेळून फरशी पुसल्याशिवाय परत आणू नका. पावसाळ्यात महापालिकेची धूरफवारणी सुरू झाली की खिडक्या बंद. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकलं असेल तर तेच हात खोक्यात घालू नयेत.

कात टाकण्याची वेळ आली की कोळी खाणं सोडतो, पोटावरचा केस झडलेला भाग काळसर होतो, कधी बिळाचं तोंड बंद करून बसतो. एके दिवशी तो उताणा पडलेला दिसेल. मेलेला नाही. मेलेल्या किंवा फार सुकलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली मुडपतात, कारण पाय सरळ करण्यासाठी तो शरीरातल्या द्रवाचा दाब वापरतो आणि दाब गेला की पाय मिटतात. उताणा असताना हलवू नका, पाणी शिंपडू नका, आत एकही जिवंत किडा ठेवू नका. नवे दात आधी पांढरट, मग लालसर, मग काळे होतात. काळे झाल्यावरच खायला द्या, मोठ्याला साधारण १०-१४ दिवसांनी.

प्राण्याबद्दल दुकानात विचारायचा पहिला प्रश्न कागदपत्रांचा. ब्रॅकिपेल्मा, त्यातून वेगळा काढलेला ट्लिल्टोकॅटल आणि आपल्याकडचा पोइसिलोथेरिया हे टॅरेंटुलांचे वंश साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्समधल्या जाती अनुसूची ४ मध्ये आल्या, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी ताब्यात आल्यावर ३० दिवसांत सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करावी लागते. बिल, विक्रेत्याची नोंद आणि प्राणी कुठून आला याचा कागद मागा. ‘परदेशातून पार्सलने मागवून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका: जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क विभागाने पोलंडहून आलेल्या एका पार्सलमधून १०७ जिवंत कोळी जप्त केले होते. ताम्हिणी-मुळशीकडच्या बिळातून कोळी उकरून आणणं तर कुणीच करू नये. सह्याद्रीतल्या कायलोब्रॅकिस, पोइसिलोथेरिया अशा जाती झाडायच्या केसांशिवाय जगतात, म्हणून त्या पळतात आणि चावतात, आणि पोइसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत दिवसचे दिवस गोळे येऊ शकतात. नवशिक्याच्या हातात तो प्राणी नको.

मादी घ्यावी की नर, हेही विचारा. रेड नीची मादी २० वर्षांहून जास्त जगते. नर वयात आला की, म्हणजे पुढच्या पायांवर हुकासारखे आकडे दिसले की, बहुधा वर्ष-दीड वर्षात संपतो. जुनी कात दाखवून लिंग सांगणारा विक्रेता भरवशाचा.

किट घ्यायचाच असेल तर हीट मॅट, कवटी आणि मापक काढून फक्त खोकं, वीट आणि वाटी मागा. हे दुकान सुटं सामान देतं. ॲक्रिलिकची दोन पानंही तिथेच खाचेच्या मापाने कापून मिळतात, फक्त ऑर्डर देतानाच ‘जाळी नको, १० सेमीची दोन पानं, एकात भोकं’ असं लिहून द्या.