सेट-टॉप बॉक्स गेमिंग कन्सोलमधून जोडावा की थेट टीव्हीला?

डीटीएचचा बॉक्स कन्सोलमध्ये घालून एकाच पडद्यावर सगळं चालवायचं मनात असेल, तर नवा कन्सोल घेऊन ते जमणार नाही. प्लेस्टेशन ५ असो, एक्सबॉक्स सिरीज एक्स असो वा निन्टेन्डोचा स्विच, एचडीएमआयमधून चित्र फक्त बाहेर पडतं, आत येत नाही.

ही सोय खऱ्या अर्थाने दिली ती २०१३च्या एक्सबॉक्स वनने, त्यामुळे सेकंडहँडच शोधावा लागेल. बॉक्सची वायर कन्सोलच्या एचडीएमआय-इनमध्ये, कन्सोलची टीव्हीत. चॅनेल बदलायचे आदेश कन्सोल रिमोटसारखेच इन्फ्रारेडने बॉक्सला देतो. मूळ मॉडेलला त्यासाठी किनेक्ट (एक्सबॉक्सचा जोड-कॅमेरा) किंवा वेगळी आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, केबल लागते. २०१६च्या वन एसमध्ये ते आतच बसवलंय. घ्यायचाच तर वन एस घ्या. मात्र तुमच्या बॉक्सचा रिमोट ब्लूटूथवर चालणारा असेल, तर बॉक्स इन्फ्रारेडही ओळखतो का ते आधी बघा.

आता भानगडी. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा बदलणाऱ्या चित्राचं, कन्सोल एरवी ६०वर चालतो. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावला की चित्र बारीक झटके खातं. कन्सोलच्या सेटिंग्जमधल्या व्हिडिओ मोडमध्ये ५० हर्ट्झला परवानगी देण्याचा पर्याय आहे, तो चालू करून बघा. मूळ मॉडेलमध्ये टीव्ही बघायलाही कन्सोल चालूच ठेवावा लागतो. आई मालिका बघतेय आणि कुणी कन्सोल बंद केला की काय होईल, ते सांगायला नको. गेमच्या बाजूच्या पट्टीत मॅच लावायची ‘स्नॅप’ सोय तर २०१७मध्येच काढून टाकली. माझ्या मते खरी मजा तीच होती.

निन्टेन्डोने वी यू या कन्सोलमध्ये सिग्नलला हातच लावला नाही. त्याचा पडदा असलेला कंट्रोलर, गेमपॅड, टीव्हीचा आणि बॉक्सचा रिमोट व्हायचा, आणि टीव्हीआय ही सेवा काय लागलंय ते दाखवायची. अमेरिकेत ती ऑगस्ट २०१५मध्ये बंद पडली.

सगळ्यात शहाणा मार्ग सोनीने जपानमध्ये काढला. २०१२चा नास्ने हा वेगळा डबा: त्यातच जमिनीवरच्या आणि उपग्रह प्रक्षेपणाचा ट्यूनर, त्यातच ५०० जीबी डिस्क. कन्सोल फक्त घरच्या नेटवर्कवरून कार्यक्रम उचलतो. म्हणून प्लेस्टेशन ३ अडगळीत गेला तरी नास्ने टिकला, आणि २०२१मध्ये बफेलो कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. ट्यूनर जपानी पद्धतीचा, तेव्हा इथे तो निरुपयोगी.

टीव्हीला दोन एचडीएमआय पोर्ट असतील, तर दोन्ही वायरी सरळ टीव्हीतच घाला. एकच असेल तर एचडीएमआय स्विच (एका पोर्टवर दोन वायरी आळीपाळीने चालवणारी छोटी डबी) लावा, कन्सोलपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. प्लेस्टेशन ५मध्ये ‘एचडीएमआय डिव्हाइस लिंक’ चालू केलं आणि टीव्हीवरही सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना आदेश द्यायची सोय) चालू असलं, तर थेट जोडणीत कंट्रोलरचं पीएस बटण दाबताच टीव्ही आपोआप गेमवर येतो. मालिकेकडे परतायला बहुधा रिमोटवरचं ‘सोर्स’ दाबावं लागेल.