न्यूजरूम लीडरशिपचा ऑनलाइन कोर्स केला, चौथा आठवडा सोडला तर जेमतेम

आमच्या जर्नालिझम डिपार्टमेंटमधल्या आम्ही तिघांनी सुट्टीत हा सहा आठवड्यांचा कोर्स केला, टीम समोर नसताना न्यूजरूम कशी चालवायची यावर. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच कटकट नको. शिकवायला लागायच्या आधी मी नऊ वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढलीत, त्यामुळे नाक मुरडूनच बसलो होतो हेही आधीच सांगतो.

पहिले दोन आठवडे नुसतं पाणी. स्लॅकवर (ऑफिसचं चॅट अ‍ॅप) चॅनल कसं बनवायचं, ट्रेलोवर (कामांची यादी ठेवायचं अ‍ॅप) कार्ड कसं सरकवायचं, अहो हे इंटर्न पोरं एका दुपारी शिकतात. न्यूयॉर्क टाइम्सचा २०१४ चा इनोव्हेशन रिपोर्ट (डिजिटलमध्ये आपण कुठे कमी पडतोय यावरचा त्यांचाच अंतर्गत अहवाल) आला तेव्हा जरा सरसावलो, कारण होमपेजवर येणारे वाचक दोन वर्षांत निम्म्यावर आले तरी तिथल्या संपादकांचा जीव पहिल्या पानातच अडकलेला होता, म्हणजे अडचण सॉफ्टवेअरची नव्हतीच. पण तो एका स्लाइडमध्ये गुंडाळला.

चौथ्या आठवड्यात मात्र मजा आली, लुटुपुटूची न्यूजरूम चालवायला दिली. रात्रीची शिफ्ट, सगळे आपापल्या घरी, ग्रुपवर पूल पडल्याचा व्हिडिओ येतो. मी संपादक. मी टाकलं, "व्हेरिफाय झालं का?" अकरा जणांनी वाचलं, उत्तर शून्य. प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणीतरी बघतोय, आणि चार मिनिटांत कोणीतरी पुश नोटिफिकेशन सोडून दिलं. व्हिडिओ जुना होता. डेस्कवर असतो तर नुसती मान वळवून "ए, तू फोन लाव" म्हटलं असतं. इथे नाव घेऊन काम दिलं नाही की ते कोणाचंच नसतं, हे मला त्या निळ्या टिकांनी शिकवलं, स्लाइडनी नाही.

बाकी उदाहरणं सगळी परदेशातली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे पेपर टाकणं बंद झालं, लोकांनी घरून पानं लावली, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, त्यावर एक शब्द नाही. गावोगावच्या स्ट्रिंगरचं, म्हणजे पगारावर नसलेल्या, बातमीमागे पैसे मिळणाऱ्या वार्ताहराचं, तर नावच नाही, ज्याला संपादक म्हणजे फक्त डीपी!

फी साडेचार हजार, त्या मानाने तीन स्टार. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, दोन मेल केले, अजून उत्तर नाही. रेकॉर्डिंग तीसच दिवस दिसतं, घेतलाच तर चौथा आठवडा आधी बघून घ्या.